तारा पलंगाखाली, गोट्या कपाटावर: शेल्टरमधून आणलेली कुत्री आणि घरातली आधीची तीन जनावरं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला सहाव्या मजल्यावर टू-बीएचके. घरात नवरा-बायको, सासूबाई आणि दुसरीतली लेक. शिवाय आठ वर्षांचा लॅब्राडोर ब्रुनो आणि मनी व गोट्या ही मांजरं. गेल्या रविवारी शेल्टरमधून अडीच वर्षांची इंडी, म्हणजे देशी, कुत्री तारा दत्तक आणली. आज चौथा दिवस. ती पलंगाखालून बाहेर येत नाही, जेमतेम दोन घास खाते. मंगळवारी ब्रुनोने तिच्या वाटीत नाक घातलं तेव्हा ती गुरगुरली. मनी दिसेनाशी झाली आहे, गोट्या कपाटावर बसून असतो आणि दोनदा अंथरुणावर शू करून गेला. मिस्टर म्हणतात, आपापसात ठरवू दे त्यांना. सासूबाई म्हणतात, परत देऊन या. पुढच्या महिन्यात घरी दीड दिवसाचा गणपती. काय करावं?

ताई, तुम्ही तारासाठी विचारलंत, पण मला पहिली काळजी गोट्याची आहे. अंथरुणावर शू करणं हा राग किंवा सूड नाही. घरात अचानक ताण आला की मांजरांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते, शू करताना दुखतं, आणि शू-शीच्या ज्या ट्रेमध्ये दुखलं ती जागा मांजर टाळू लागतं. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यामुळे पुढे तो बंदही होऊ शकतो. आजपासून लक्ष ठेवा: तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो का, जोर करतो का, थेंब थेंबच येते का, ओरडतो का, शेपटीखाली सारखं चाटतो का. शू अजिबात होत नसेल तर सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी त्याच वेळी दवाखान्यात न्या. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. सध्या शू होते आहे ही चांगली गोष्ट, तरी या आठवड्यात लघवी तपासून घ्याच. मनी खाते की नाही हेही बघा. मांजराने दीड-दोन दिवस अन्न सोडलं तर त्याच्या यकृतात चरबी साचायला लागते आणि ते दुखणं बरं करायला फार जड जातं. लपलेल्या मांजराची वाटी कोणी बघत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

आता तारा. न खाणारी, कोपऱ्यात पडून राहणारी नवी कुत्री बघितली की सगळे म्हणतात, शेल्टर आठवत असेल बिचारीला, उदास आहे. असेलही. पण आपल्याकडे, त्यातून पावसाळ्यात, आधी गोचीडताप नाही ना ते बघायचं. शेल्टरमध्ये कितीही काळजी घेतली तरी गोचीड असतातच, आणि त्यांच्यातून येणारे एर्लिकिया, बबेसिया हे आजार आठवडेच्या आठवडे अंगात मुरून बसतात. हिरड्या फिकट आहेत का, पोटावर लालसर-जांभळे ठिपके आहेत का, नाकातून रक्त आलं का, अंग तापलं आहे का, हे बघा. तसं काही दिसलं नाही तरी रक्त तपासून घ्या. प्लेटलेट कमी निघाल्या तर पुढचं डॉक्टर ठरवतील. एर्लिकियासाठी साधारण चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालतं आणि बऱ्याच कुत्र्यांची भूक काही दिवसांतच परत येते. जंताचं औषध, रेबीजची लस आणि बाकीच्या लसींच्या तारखा शेल्टरच्या कार्डावर बघून घ्या. ब्रुनोची लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस या वर्षी झाली आहे का तेही बघा. सोसायटीच्या आवारात पाणी तुंबतं, उंदीर फिरतात, आणि ती लस दरवर्षी द्यावी लागते.

गोचीडाच्या औषधाबद्दल एक ताकीद. मानेवर थेंब टाकायची कुत्र्यांची काही औषधं पर्मेथ्रिन या कीटकनाशकाची असतात. मांजराला ती विषारी आहेत. तारा किंवा ब्रुनोच्या मानेवर टाकलेलं असं औषध गोट्याने चाटलं, किंवा तो नुसता अंगाला अंग लावून झोपला, तरी त्याला झटके येऊ शकतात. दुकानात मागताना ‘घरात मांजरं आहेत’ हे आधी सांगा. त्याहून बरं म्हणजे डॉक्टरांनाच विचारून तोंडाने द्यायची गोळी घ्या. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कोणाही जनावराला देऊ नका. मांजराला एक गोळीसुद्धा जिवावर बेतते.

तब्येतीचं झालं की मग स्वभावाचं. ठाणे-नवी मुंबईतली अशी अनेक घरं मी पाहिली आहेत आणि माझं मत पक्कं झालं आहे: बिघडलेल्या जोड्यांपैकी बहुतेक स्वभावामुळे बिघडलेल्या नसतात. पहिल्या तासात दारातच सगळ्यांची भेट घडवली, त्यातून बिघडलेल्या असतात. नवं कुत्रं लिफ्टमधून बाहेर येतं, दार उघडतं, घरातलं कुत्रं धावत येतं, मांजर पळतं, मुलं टाळ्या वाजवतात. माणसांना तो आनंदाचा क्षण वाटतो. जनावरांच्या बाजूने बघितलं तर एकाच्या घरात अनोळखी शिरलेला असतो आणि दुसरा अनोळखी घरात कोंडला गेलेला असतो. म्हणून ओळख राहू द्या बाजूला. आधी घर वाटून घ्या.

तुमच्याकडे दोन बेडरूम आहेत, तेवढं पुरेसं आहे. मुलीची खोली काही आठवडे ताराची करा. तिचं पाणी, वाटी, अंथरूण, सगळं तिथेच. पलंगाखाली बसते तर बसू द्या, तिथे जुनी चादर सरकवून ठेवा. तिला ओढून बाहेर काढायचं नाही, आत हात घालून कुरवाळायचं नाही, मुलीने आत वाकून बघायचं नाही. दिवसातून चार-पाच वेळा कोणीतरी खोलीत जाऊन पाठ करून जमिनीवर बसावं, पुस्तक वाचावं, मधूनच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा मागे न बघता टाकावा. तुकडे हळूहळू पलंगाच्या कडेकडे येऊ द्या. तिने स्वतःहून येऊन हात हुंगला की तिथेच थांबा, लगेच डोक्यावर हात ठेवू नका. घाबरलेल्या कुत्र्याला वरून येणारा हात आवडत नाही. हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवा, तीन-चार सेकंदांनी हात काढा आणि बघा ती पुढे सरकते की मागे. पुढे आली तर आणखी, मागे गेली तर पुरे.

जमिनीकडेही एकदा ताराच्या नजरेने बघा. शेल्टरमध्ये कोबा असतो, तुमच्याकडे गुळगुळीत टाईल्स. पाय घसरतात, म्हणून पुष्कळ कुत्री खोलीच्या मध्यावर यायलाच घाबरतात, आणि आपल्याला वाटतं माणसांना घाबरली. पलंगापासून दारापर्यंत रबरी मॅट किंवा जुन्या सतरंज्या टाका. छताचा पंखा, कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, हे सगळं तिला नवीन आहे. रस्त्यावरचे दणकेही असतीलच. पहिले काही दिवस तिच्या खोलीत पंखा एकसारखा चालू ठेवा, त्याच्या आवाजाखाली बाहेरचे खट्ट-धाड जरा दबतात.

तिला निदान दोन आठवडे वेगळं ठेवण्याचं दुसरं कारण रोगाचं आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे संसर्गजन्य आजार; पार्व्होची लक्षणं साधारण आठवड्याभरात, डिस्टेंपरची एक-दोन आठवड्यांत दिसतात. खोकला, नायटा, खरूज हेही याच काळात वर येतं. नायटा तर मांजरांना आणि मुलीलाही लागू शकतो. तेव्हा सासूबाईंना सांगताना ‘तारा भांडते म्हणून कोंडली’ असं नको, ‘पंधरा दिवस तब्येत बघतोय’ असं सांगा. ते खरंही आहे.

मिस्टरांचं म्हणणं मी पुष्कळ घरांत ऐकतो, आणि ते कुठून आलं हे कळलं तर त्यांनाही पटेल. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास मांडला. त्यावरून लांडग्यांत सतत वर्चस्वाची मारामारी चालते अशी समजूत झाली आणि तीच कुत्र्यांना लावली गेली. पुढे डेव्हिड मीच (Mech) यांनी रानातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून 1999 साली स्पष्ट लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब. पिंजऱ्यातली मारामारी वेगळी होती, कारण तिथे एकमेकांना न ओळखणारे प्राणी एकत्र कोंडले होते आणि कोणाला निघून जायला जागा नव्हती. आता आपला फ्लॅट बघा. ब्रुनो, तारा, मनी, गोट्या, कोणी कोणाचं नात्यातलं नाही, आणि सहाव्या मजल्यावरून निघून जाता येत नाही. त्यामुळे त्यांना ‘ठरवू’ देणं म्हणजे मारामारीचीच वाट बघणं. आपलं काम एकच आहे: प्रत्येकाला निघून जायची वाट ठेवायची. बाकीचं त्यातून हळूहळू होतं.

गुरगुरणं. तारा वाटीपाशी गुरगुरली, ब्रुनो मागे झाला का? झाला असेल तर दोघांचंही वागणं शहाणपणाचं होतं. गुरगुरणं ही सूचना आहे, ‘जवळ येऊ नकोस’ एवढाच तिचा अर्थ. तिला ओरडलात, नाकावर चापट मारलीत तर ती एवढंच शिकेल की सूचना द्यायची नाही. मग एक दिवस सूचनेशिवाय चावा येतो आणि घरचे म्हणतात, काही कारण नसताना चावली. ‘सवय व्हावी म्हणून’ तिच्या वाटीत हात घालू नका, वाटी ओढू नका. तिच्या मनात ‘माणूस आला की अन्न जातं’ हेच पक्कं होतं. दोघांना वेगवेगळ्या खोलीत, बंद दाराआड जेवायला द्या आणि जेवण झालं की वाट्या उचलून ओट्यावर ठेवा. हाडं, चघळायच्या कांड्या, ब्रुनोचा लाडका चेंडू, हे सगळं काही काळ नजरेआड. सासूबाई पोळ्या करत असताना ब्रुनो स्वयंपाकघरात बसतो असं तुम्ही लिहिलंय. लॅब्राडोरच तो. पण त्या वेळी तारा तिथे नको. अरुंद जागा, खाली पडणारा तुकडा आणि दोन कुत्री, यातून मी घरातली सर्वांत जास्त भांडणं झालेली पाहिली आहेत. त्याखालोखाल लिफ्ट आणि मुख्य दार. दोघांना पहिले कित्येक आठवडे एका लिफ्टमधून नेऊ नका.

खाण्याबद्दल पटकन सांगतो. शेल्टरमध्ये जे मिळत होतं तेच आणखी काही दिवस द्या, मग आठवड्याभरात थोडं थोडं बदला. दूध-पोळी नको, वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधाने हगवण लागते. पोट बिघडलं तर भात, उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर.

ब्रुनो आणि तारा यांची खरी ओळख घरात करायची नाही, बाहेर करायची. तारा खोलीत मोकळी फिरायला लागली, लीश बघून पळत नाही, खाली नीट चालते, तेव्हा. जागा अशी निवडा जी ब्रुनोची रोजची नाही. उपवन आणि तलावपाळी सकाळ-संध्याकाळ माणसांनी भरलेली असतात, ती टाळा. दुपारची ओस पडलेली एखादी रुंद आतली गल्ली उत्तम. दोन माणसं, दोन कुत्री, मध्ये आठ-दहा मीटर अंतर, आणि दोघं एकाच दिशेने चालत राहायचं. समोरासमोर आणायचं नाही. कुत्र्यांच्या रीतीत सरळ नजरेला नजर देत चालून येणं उद्धटपणाचं असतं. अंग सैल, शेपटी मोकळी, मधूनच जमीन हुंगणं, नजर फिरवणं, असं दिसलं की अंतर थोडं कमी करा. शरीर ताठ, तोंड बंद, डोळ्यांची पांढरी कड दिसते, पाठीवरचे केस उभे, असं झालं की काही न बोलता अंतर वाढवा. शेपटी हलते म्हणून खूश होऊ नका. ताठ उभी, भरभर थरथरणारी शेपटी ही आनंदाची नसते. जांभई, ओठांवरून जीभ फिरवणं, मान वळवणं या खुणा बारीक असतात, पण त्या दिसू लागल्या की पुढचं बरंच टळतं. असे फेरे रोज घ्या. काही दिवसांनी एकाने पुढे चालायचं, दुसऱ्याने त्याच्या मागे हुंगत यायचं, मग अदलाबदल. शेवटी तीन-चार सेकंद हुंगू द्या आणि हाक मारून पुढे चला. त्या दिवशी घरी परतताना दोघं दारातून एकामागोमाग न शिरता थोड्या अंतराने शिरू देत.

बाहेर नेताना एक खबरदारी अगदी डोक्यात ठेवा: नवी कुत्री सुटून पळतात. फटाका, ट्रकचा हॉर्न, सोसायटीच्या गेटवरची शिट्टी, एवढंसं कारण पुरतं. आणि घाबरलेली इंडी मागे सरकत सरकत हार्नेसमधून अशी निसटते की हातात नुसता हार्नेस राहतो. दोन लीश वापरा, एक कॉलरला आणि एक हार्नेसला. कॉलरवर फोन नंबर कोरलेला बिल्ला आजच लावा. मुख्य दार उघडताना तिच्या खोलीचं दार बंद आहे ना, हे दूधवाल्यापासून कुरियरपर्यंत प्रत्येक वेळी बघायचं. घोडबंदरच्या रहदारीत दुसरी संधी मिळत नाही. रविवारी येऊरला घेऊन जावं असा मोह होईल, पण तिथे तिला मोकळं सोडू नका, संध्याकाळनंतर तर कोणत्याच कुत्र्याला नेऊ नका. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या त्या भागात बिबटे आहेत आणि कुत्रं हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य आहे. आवारातली कान कापलेली, म्हणजे नसबंदी झालेली, कुत्री सुरुवातीला तारावर भुंकतील. त्यांना रोज खायला घालणारी माणसं असतात, त्यांच्याशी बोलून त्या कुत्र्यांच्या जेवणाची वेळ टाळून निघा.

मांजरांशी ओळख सर्वांत सावकाश, आणि त्यात सगळी पावलं मांजरांच्या गतीने. आधी त्यांना त्यांचं घर परत द्या. हॉल आणि तुमची बेडरूम मनी-गोट्याची आणि ब्रुनोची, जशी होती तशी. कपाटावर जायला-यायला दोन वाटा हव्यात, एकच असेल तर खाली उभं असलेलं कुत्रं ती अडवतं. भिंतीवर दोन फळ्या ठोकल्या तरी काम होतं. ट्रे दोन मांजरांना तीन, वेगवेगळ्या जागी, आणि एकही असा नको की तिथे जाताना ताराच्या दारावरून जावं लागेल. कुत्री ट्रेमधली घाण आवडीने खातात, त्यामुळे पुढेही ट्रे कुत्र्याच्या तोंडाच्या आवाक्याबाहेर ठेवावे लागतील. बाल्कनीला जाळी नसेल तर ती आधी. घाबरलेलं मांजर सहाव्या मजल्याचा विचार करत नाही.

मग वासापासून सुरुवात. ताराच्या अंगावर फिरवलेलं फडकं मांजरांच्या वाटीपासून लांब ठेवा, रोज जरा जवळ. मांजरांचं फडकं ताराच्या खोलीत. फडक्याजवळ मांजर निवांत जेवू लागलं की बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या वाट्या. ते जमलं की दारात बेबी गेट, त्याच्या गजांवर पातळ कापड, आणि मग कापड थोडं थोडं वर. तारा लीशवर, पोट भरलेलं, फिरून आलेली. तिने मांजराकडे बघितलं आणि स्वतःहून नजर वळवून तुमच्याकडे पाहिलं की लगेच तुकडा. आपल्याला तिचं हे नजर वळवणंच हवं आहे. बघून भुंकली, शेपटी हलवत पुढे झेपावली, तर अंतर वाढवून पुन्हा प्रयत्न करता येतो. पण ती एकदम निश्चल झाली, अंग पुढे झुकलं, डोळे खिळले, हाक मारली, नाकाशी चिकन धरलं तरी पापणी हलली नाही, तर ती शिकारीची नजर आहे. हे एकदाच झालं तरी गेट बंद करा आणि पुढचं पाऊल एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाला घरी बोलावूनच टाका. काही कुत्री मांजरांबरोबर कधीच सुरक्षित होत नाहीत. प्रेमाने, वेळ देऊनही नाहीत. हे लिहायला मला जड जातं, पण तुमच्या मांजरांच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि सगळं सुरळीत झालं तरी कित्येक महिने तारा आणि मांजरं घरात एकटी एकत्र ठेवायची नाहीत.

शेल्टरने ‘मांजरांशी चांगली आहे’ असं सांगितलं असेल, तर ते खोटं बोलले असं नाही. घाबरून गोठलेलं कुत्रं शेजारून मांजर गेलं तरी हलत नाही, आणि ते शांत दिसतं. दत्तक घेणाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा चालतो: तीन दिवसांत धसका ओसरतो, तीन आठवड्यांत रुळायला लागतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. तारखा कोणी पाळत नाही, पण क्रम बरोबर आहे, आणि त्यात एक गोष्ट दडलेली आहे जी आधी माहीत असावी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तारा पलंगाखालून बाहेर आलेली असेल, खेळत असेल, आणि नेमकी तेव्हाच ती ब्रुनोवर गुरगुरेल, दारावर भुंकेल, मांजरामागे धावेल. घरचे म्हणतील, आली तेव्हा किती गरीब होती, आता बिघडली. ती बिघडलेली नसते. आता कुठे तिच्यात बोलायची हिंमत आलेली असते. म्हणून पहिल्या दहा दिवसांत सगळं छान चाललं तरी दारं-गेटं काढून टाकू नका.

भांडण झालंच तर मध्ये हात घालू नका, कॉलर पकडायला जाऊ नका. मोठी थाळी किंवा खुर्ची दोघांच्या मध्ये सरकवा, अंगावर चादर टाका, बादलीभर पाणी ओता, आणि वेगवेगळ्या खोल्यांत. तुमच्यापैकी कोणाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

ब्रुनोकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. आठ वर्षांच्या लॅब्राडोरचे सांधे अनेकदा दुखत असतात, आणि ज्याचं कंबरडं दुखतं त्याला तरण्या कुत्रीची धक्काबुक्की सहन होत नाही. उठताना तो वेळ लावतो का, गाडीत चढायला कां-कू करतो का, हे डॉक्टरांना दाखवा. रोज थोडा वेळ फक्त त्याचा, तारा बंद खोलीत. ताराची नसबंदी नुकतीच झाली असेल तर टाके दहा-बारा दिवस दुखतात, गुरगुरण्यामागे तेही असू शकतं. झालीच नसेल आणि ब्रुनोचीही झालेली नसेल, तर ती माजावर यायच्या आत डॉक्टरांशी बोला.

सासूबाईंचं म्हणणं मी गंभीरपणे घेतो. तुम्ही दोघं कामाला गेल्यावर दिवसभर घरात त्या असतात, चार जनावरं त्यांच्या अंगावर पडतात. त्यांना समजावण्यापेक्षा त्यांचं काम हलकं करा. दुपारी त्यांनी ताराच्या खोलीचं दार उघडायचंच नाही, अशी व्यवस्था हवी. सकाळी निघण्याआधी तारा फिरून, खाऊन, पाणी भरून खोलीत, आणि दुपारी एखादा माणूस येऊन अर्धा तास तिला खाली नेऊन आणेल. तो पहिल्या दिवसांत एकच असावा, रोज बदलणारा नको. लेकीला एक काम द्या: दारातून तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. मिठी नाही, पापी नाही, जेवताना किंवा झोपलेल्या ताराजवळ जाणं नाही. मोठं माणूस खोलीत असेल तेव्हाच हे काम.

गणपतीचं आतापासून ठरवा. ढोल-ताशा, आरतीच्या झांजा, दारात दिवसभर चपलांची रांग, ताराच्या दृष्टीने फार होईल. शक्य असेल तर ते दीड-दोन दिवस तारा तिच्या ओळखीच्या फोस्टरकडे (तात्पुरतं सांभाळणाऱ्याकडे) किंवा शेल्टरच्याच माणसाकडे ठेवा. घरीच ठेवायची तर मुख्य दारापासून लांबची खोली, खिडक्या-पडदे बंद, पंखा चालू, दाराला बाहेरून कडी, आणि कडीवर ‘उघडू नका’ अशी चिठ्ठी. पाहुण्यांपैकी कोणी ना कोणी ‘कुत्रं बघू’ म्हणून दार उघडतंच. खूप भीती दिसत असेल तर आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांना विचारून भीती कमी करणारं औषध एखाद्या शांत दिवशी देऊन बघा. नुसती गुंगी आणणारी औषधं मागू नका. त्यांनी शरीर ढिलं पडतं, आतली भीती तशीच राहते. दिवाळीच्या फटाक्यांनाही हेच लागू.

सोसायटीचं कोणी काही बोललं तर: अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव जनावर ठेवायला बंदी करता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही. तुमच्याकडून मात्र लीश, घाण उचलणं, लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना हे चोख असू द्या.

राहिला परत देण्याचा प्रश्न. आज, चौथ्या दिवशी, तो निर्णय घेऊ नका. अजून खरी तारा कोणी बघितलेलीच नाही. पण शेल्टरला आजच फोन करून सगळं जसं आहे तसं सांगा, म्हणजे लागलीच वेळ तर त्यांना जागा करता येईल. ब्रुनोला किंवा मांजरांना गंभीर जखम झाली, ती शिकारीची नजर प्रशिक्षकाच्या मदतीनेही हटली नाही, किंवा दोन-तीन महिने दारं बंद ठेवूनही गोट्याचं दुखणं पुन्हा पुन्हा उलटत राहिलं, तर तारासाठी मांजरं नसलेलं घर शोधणं हेच तिच्यावरचं प्रेम आहे. ते घर मिळेपर्यंत तिची खोली तिचीच राहू द्या, आणि तिला खाली रस्त्यावर किंवा कोणाच्या फार्महाऊसवर सोडायचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका. जनावर असं टाकून देणं प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. शेल्टरशी तुम्ही केलेल्या करारात परत घेण्याची तरतूद असेल, तो कागद काढून वाचा. पण सगळ्यात आधी आज संध्याकाळी गोट्याच्या ट्रेकडे बघा.